छातीतील जळजळ आणि आयुर्वेद: पथ्याची यादी पाळावी की जेवणाची वेळ?

निशाचर

नमस्कार मंडळी. गेली काही वर्षे मला रात्री छातीत जळजळ होते, आडवे पडले की घशाशी आंबट येते आणि सकाळी उठल्यावर आवाज बसलेला असतो. दुर्बिणीची तपासणी करून झाली आहे. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी थोडा दाह आहे, व्रण नाही, असा अहवाल आला. डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली की बरे वाटते आणि बंद केली की त्रास पुन्हा डोके वर काढतो. म्हणून आयुर्वेदातील आहार-विहाराकडे नीट लक्ष द्यायचे ठरवले आणि तिथेच गोंधळाला सुरुवात झाली.

एका वैद्यांनी जेवणानंतर ताक घ्यायला सांगितले, दुसऱ्यांनी ताकाचे नावही काढू नका म्हणून बजावले. मावशी म्हणते की झोपताना थंड दूध घे, शेजारचे काका म्हणतात की दुधानेच पित्त वाढते. तूप भरपूर खावे की अजिबात खाऊ नये, सकाळी लिंबूपाणी घ्यावे की टाळावे, यावरही दोन माणसांचे एकमत नाही. आज माझ्याकडे तीन निरनिराळ्या याद्या आहेत आणि तिन्ही पाळायच्या म्हटल्या तर पाण्याखेरीज काहीच उरत नाही.

माझे काम रात्री दहाला संपते. घरी येऊन जेवायला साडेदहा-अकरा होतात आणि बाराला झोप. ज्यांनी हा त्रास स्वतः आटोक्यात आणला आहे, त्यांना नेमका कशाचा उपयोग झाला हे कृपया लिहावे.

उगाचच

आपले सदस्यनाम हेच आपले निदान आहे. तपासणीचे पैसे वाचले असते.

कढीपत्ता

आमच्या घरी सासूबाईंना हा त्रास अनेक वर्षे होता, त्यामुळे स्वयंपाकघरात काय बदलले तेवढे सांगते. सर्वांत आधी तूरडाळ मागे पडली आणि मूगडाळ पुढे आली. जुना तांदूळ, दुधी, पडवळ, दोडका, कोहळा या भाज्या आलटून पालटून होऊ लागल्या. फोडणी बंद केली नाही. तेलाऐवजी थोड्या तुपात जिरे फुलू द्यायचे, त्यावर हिंग व कढीपत्ता घालायचा आणि मिरची वगळायची, इतकेच केले. तिखट लागणाऱ्यांसाठी चटणी वेगळी ठेवली.

दुपारी चारच्या सुमारास त्यांना पोटात खड्डा पडल्यासारखे व्हायचे आणि त्या वेळी चहा-बिस्किटे ठरलेली असायची. त्याऐवजी साळीच्या लाह्या दुधात, किंवा नुसत्या पाण्यात भिजवून किंचित साखर घालून देऊ लागले. लाह्या पाण्यात पडल्या की लगेच मऊ होतात, म्हणून वाटी समोर ठेवल्यावरच पाणी घालावे, नाहीतर त्यांचा लगदा होतो आणि म्हातारी माणसे तोंड वाकडे करतात. रात्री झोपण्यापूर्वी भिजवलेल्या काळ्या मनुका, कारण बद्धकोष्ठ असले की पित्ताचा त्रास दुप्पट होतो, असा आमच्या घरातला अनुभव आहे.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या सर्वांबरोबर त्यांची रात्रीच्या जेवणाची वेळही साडेनऊवरून साडेसातवर आली होती, कारण मालिकेची वेळ बदलली. त्यामुळे श्रेय पडवळाचे किती आणि मालिकेचे किती, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही.

तळटीप

धागाकर्त्यांच्या याद्या एकमेकींशी का जुळत नाहीत, हे मूळ ग्रंथ पाहिले म्हणजे थोडे समजते. या त्रासाला आयुर्वेदात अम्लपित्त म्हणतात. चरकसंहितेत त्याला स्वतंत्र अध्याय नाही. तो काश्यपसंहितेत आणि पुढे माधवनिदानात मिळतो. माधवनिदानातली लक्षणे वाचताना आपलेच वर्णन वाचतो आहोत असे वाटते: अन्न न पचणे, थकवा, मळमळ, कडू-आंबट ढेकर, अंग जड होणे, छातीत व घशात जळजळ, अन्नावरची वासना जाणे. वर येणारे ते ऊर्ध्वग आणि खाली जाणारे ते अधोग, असे दोन प्रकारही सांगितले आहेत. निशाचर यांचा त्रास पहिल्या प्रकारातला दिसतो.

काश्यपसंहितेत कारणांची जी यादी आहे, ती कोणत्याही पथ्याच्या कागदापेक्षा रंजक आहे. कुळीथ, भाजलेली धान्ये, पोहे आणि शिळे अन्न हे पदार्थ त्यात आहेतच, पण जेवून लगेच दिवसा झोपणे हेही त्याच यादीत, त्याच रांगेत बसवले आहे. म्हणजे काय खाल्ले आणि खाऊन काय केले, यांत ग्रंथकाराने भेद केलेला नाही. आपण मात्र खाण्याची यादी भिंतीवर लावतो आणि वागण्याची यादी वाचतच नाही.

चरकाने आपल्या ग्रंथाच्या विमानस्थान या विभागात पोटाचे तीन भाग कल्पिले आहेत: एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक दोषांच्या हालचालीसाठी मोकळा. वाग्भटाने चार भाग केले. दोन अन्नाचे, एक पाण्याचा, एक रिकामा. हिशेब थोडा निराळा असला तरी पोट तुडुंब भरू नये, याबद्दल दोघांचे एकमत आहे. पहिले अन्न जिरण्यापूर्वी पुन्हा खाणे याला अध्यशन म्हटले आहे आणि ते दोषकारक मानले आहे.

उगाचच

पोहे? ज्या समाजातली लग्ने पोह्यांवर जमतात, त्या समाजाला हे आधी सांगायला हवे होते. छातीतली धडधड आणि जळजळ यांत वधूवरांची गल्लत झाली असणार.

तळटीप

अतिसेवन असा शब्द आहे. एका बशीने लग्न मोडण्याचे कारण नाही. काश्यपांनी असेही म्हटले आहे की हा विकार दमट, पाणथळ प्रदेशात अधिक होतो आणि कशानेही शमला नाही तर माणसाने प्रदेश बदलावा.

उगाचच

बदलीच्या अर्जात कारण म्हणून ‘अम्लपित्त, संदर्भ काश्यपसंहिता’ असे लिहून पाहतो.

पांढराकोट

मी आधुनिक वैद्यकाचा आहे, आयुर्वेदाचा नाही. तरीही या धाग्यावर लिहावेसे वाटते, कारण मूळ प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे. आम्ल जास्त होते म्हणून जळजळ होते, असे बहुतेक जण मानतात. जठरात तीव्र आम्ल असणे हे नैसर्गिकच आहे आणि जठराचे अस्तर ते सहन करते. आम्ल उलटे अन्ननलिकेत येते, त्याला आम्ही ओहोटी म्हणतो. तिच्या बहुसंख्य रुग्णांत आम्लाचे प्रमाण नेहमीइतकेच असते. ते चुकीच्या ठिकाणी पोहोचते एवढेच. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक वलय असते. ते नको त्या वेळी सैल पडते, किंवा पोटातला दाब वाढल्यामुळे हार मानते. पोट गच्च भरणे, पोटाचा घेर वाढणे, कमरेचा घट्ट पट्टा, जेवून वाकून काम करणे किंवा आडवे होणे, या सर्वांनी तेच घडते. तंबाखू आणि मद्य हे वलय सैल करतात. काहींच्या बाबतीत जठराचा थोडा भाग छातीच्या पडद्यातून वर सरकलेला असतो, मग वलय आणखी दुबळे होते.

जेवणानंतर जठर रिकामे व्हायला काही तास लागतात आणि जेवण तेलकट असेल तर अधिक. साडेदहाला जेवून बाराला झोपणे म्हणजे भरलेले जठर आडवे करणे. झोपेत आपण लाळही फारशी गिळत नाही, त्यामुळे वर आलेले आम्ल धुऊन खाली जात नाही आणि तिथेच राहते. रात्रीचे जेवण आणि झोप यांत निदान तीन तासांचे अंतर राखा, असे आम्ही सांगतो ते यासाठीच.

गोळीविषयी दोन गोष्टी. पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल ही औषधे जेवणाआधी अर्धा ते एक तास घेतली तरच पूर्ण काम करतात. कित्येक जण ती जळजळ सुरू झाल्यावर घेतात आणि औषधाला नावे ठेवतात. दुसरे असे की ती बरेच दिवस घेऊन एकाएकी बंद केली तर काही आठवडे आम्ल उसळून येते. त्यामुळे ‘गोळी बंद केली की त्रास सुरू होतो’ याचा अर्थ आजार तसाच आहे असाच होतो असे नाही. मात्रा हळूहळू कशी उतरवायची, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

आणि हे कोणत्याही पथीच्या आधी: गिळताना अन्न अडकणे, कारण नसताना वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असेल तर काढे आणि चूर्णे बाजूला ठेवून तपासणी करून घ्या. छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, सोबत घाम फुटत असेल, तर ‘पित्तच असेल’ असे म्हणून सोडा पीत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे.

भाकरतुकडा

वरील प्रतिसादातले शेवटचे वाक्य मोठ्या अक्षरांत हवे होते. आमच्या नात्यातील एक गृहस्थ तसेच सोडा पीत बसले होते. सुदैवाने त्यांच्या मुलीने ऐकले नाही आणि वेळेत नेले.

मूळ विषयावर: माझ्या मते आपल्याकडील सर्वांत मोठा गुन्हेगार रिकाम्या पोटीचा चहा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण सर्वांनाच तो हवा असतो. मी चहा सोडला नाही. उठल्यावर कोमट पाणी, मग न्याहारी आणि त्यानंतर अर्धा कप, असा क्रम बदलला. दुपारनंतर चहा नाही. एवढ्याने मला बरेच हलके वाटले. ओवा-पुदिन्याचा अर्क मात्र मला अजिबात मानवला नाही. घेतला की जळजळ वाढायची. याचे कारण कोणाला ठाऊक आहे का?

पांढराकोट

पुदिना ते वलय सैल करतो. गॅसेसच्या पोटदुखीत उपयोगी पडणारा पदार्थ ओहोटीत त्रास देतो, तो यामुळेच. थंड दुधाचेही तसेच आहे: घेतल्याबरोबर गार वाटते, पण दुधातील प्रथिने व कॅल्शियम आम्लस्राव वाढवतात. मावशी आणि शेजारचे काका दोघेही बरोबर आहेत, फक्त त्यांच्या बरोबर असण्याच्या वेळा निराळ्या आहेत.

वैद्यकुळातली

मी आयुर्वेदाचा व्यवसाय करते, म्हणून ताकाचा निकाल माझ्याकडून लागावा अशी अपेक्षा दिसते. ताकाची ग्रंथांत भरभरून स्तुती आहे, परंतु ती प्रामुख्याने ग्रहणी (जुनाट पचनविकार), मूळव्याध, मंदाग्नी अशा तक्रारींसाठी. त्याच परंपरेत असेही स्पष्ट सांगितले आहे की उष्ण काळात, दाह होत असताना, मूर्च्छा-भ्रम असताना आणि रक्तपित्तात (रक्तस्रावाच्या विकारात) ताक देऊ नये. म्हणजे तुमचे दोन्ही वैद्य ग्रंथाला धरूनच बोलत असावेत. ज्याला जेवणानंतर पोट जड होते, ढेकर येतात पण जळजळ नसते, त्याला ताजे, गोड, लोणी काढलेले ताक जिरेपूड घालून मानवते. ज्याच्या घशाशी आंबट येऊन आग होते त्याने ते टाळावे, निदान आंबट झालेले तरी. दह्याबद्दल मात्र मतभेद नाही. रात्री दही खाऊ नये, असे चरकानेच सांगितले आहे.

आंबट पदार्थांच्या बाबतीतही सरसकट नियम नाही. आंबट चव पित्त वाढवते, पण डाळिंब आणि आवळा हे तिचे अपवाद मानले आहेत. म्हणून मोरावळा चालतो आणि लिंबाचे लोणचे चालत नाही. सकाळच्या लिंबूपाण्याने शरीर ‘अल्कलाइन’ होते, या समजुतीला आयुर्वेदात कुठलाही आधार नाही. जळजळ असलेल्या माणसाने ते रिकाम्या पोटी घेऊ नये.

तुपाविषयी: आयुर्वेदात तूप पित्तशामक आहे. परंतु भातावर एक चमचा तूप आणि तुपात तळलेला पदार्थ यांत अंतर आहे. पांढराकोट यांनी स्निग्ध जेवण उशिरा पचते असे लिहिले, त्याला आम्ही गुरू, म्हणजे पचायला जड, म्हणतो आणि मंदाग्नी असलेल्याला तेही मोजूनच देतो. त्यामुळे इथे भांडणाला फारशी जागा नाही.

आता ज्या विषयावर मला खरोखर तळमळीने लिहायचे आहे, तो म्हणजे चूर्णे. अविपत्तिकर चूर्ण हे अम्लपित्तावरील उत्तम औषध आहे, आणि लोक ते बडीशेपेसारखे रोज, महिनोन्‌महिने खातात. त्यात निशोत्तर असते आणि निशोत्तर हे रेचक आहे. साखरही भरपूर असते. मधुमेह असलेल्यांनी आणि ज्यांचे पोट मुळातच सैल आहे त्यांनी ते स्वतःच्या मनाने सुरू करू नये. ज्येष्ठमध घशाला आणि जठराला शीतल वाटतो, पण सतत व जास्त प्रमाणात घेतला तर रक्तदाब वाढू शकतो आणि शरीरातले पोटॅशियम कमी होते. कामदुधा, सूतशेखर ही खनिजयुक्त औषधे आहेत. ती कोणाच्या सांगण्यावरून आणण्याची वस्तू नव्हे. ‘आयुर्वेदिक आहे, त्याला साइड इफेक्ट नसतो’ हे वाक्य माझ्या दवाखान्यात रोज ऐकू येते, आणि मी रोज तितक्याच शांतपणे ते खोडते.

घरगुती म्हणून निर्धोक काय, तर धणे-जिरे रात्री भिजवून सकाळी गाळून घेतलेले पाणी, साळीच्या लाह्या, मनुका, जेवणानंतर चिमूटभर बडीशेप. यांनी आराम पडतो. मात्र रात्री अकराच्या जेवणाला यांपैकी एकही पुरे पडत नाही.

चाळणी

थोडा विरोधी सूर लावतो. धागाभर ग्रंथांतले दाखले दिले जात आहेत, पण हजारबाराशे वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिले म्हणून ते खरे, हा युक्तिवाद मला पटत नाही. कुळथाने किंवा पोह्यांनी ओहोटी वाढते हे कोणी मोजले आहे का? डाळिंबाने वाढत नाही, हे तरी? माणसे चार गोष्टी एकदम बदलतात आणि बरे वाटले की जी गोष्ट आवडती असेल तिला श्रेय देतात. कढीपत्ता यांनी पडवळ आणि मालिका यांविषयी जे लिहिले, ते या धाग्यातले सर्वांत शास्त्रीय वाक्य आहे.

तळटीप

ग्रंथात आहे म्हणून खरे, असे मी लिहिलेले नाही. ग्रंथात काय आहे एवढेच लिहिले आहे. पण त्यातल्या सगळ्या गोष्टी एकाच पारड्यात टाकणेही योग्य नाही. सुश्रुतसंहितेत जेवणानंतरचा क्रम दिलेला आहे: जेवणाचा शीण जाईपर्यंत राजासारखे बसावे, मग शंभर पावले चालावे आणि त्यानंतर डाव्या कुशीवर पडावे. यातली डावी कूस तरी आजच्या मोजमापांत टिकते, असे माझ्या वाचनात आहे. डॉक्टरांनी खुलासा करावा.

पांढराकोट

टिकते. जठराचा फुगीर भाग डावीकडे असतो. डाव्या कुशीवर झोपले की आम्ल त्या भागात साचते आणि अन्ननलिकेचे तोंड त्याच्या पातळीच्या वर राहते. उजव्या कुशीवर हेच उलटे होते. अन्ननलिकेतील आम्ल मोजणाऱ्या तपासण्यांत डाव्या कुशीवर ते लवकर ओसरलेले दिसते. चाळणी यांचा आक्षेप पदार्थांच्या याद्यांना बऱ्याच अंशी लागू पडतो आणि तो आमच्या याद्यांनाही पडतो. टोमॅटो, चॉकलेट, कॉफी सर्वांनाच बाधतात असे नाही. पुरावा जिथे बळकट आहे त्या गोष्टी मोजक्या आहेत: वजन जास्त असल्यास कमी करणे, झोपण्यापूर्वी जेवणाचे अंतर, पलंगाची उशाकडची बाजू उंच करणे आणि डावी कूस.

साखरझोप

पलंगाच्या बाबतीत एक व्यावहारिक सूचना. सुरुवातीला बहुतेक जण दोन-तीन उशा घेतात आणि फायदा नाही म्हणून सोडून देतात. उशांनी फक्त मान वाकते, शरीर कमरेत दुमडते आणि पोटावर दाब उलट वाढतो. उशाकडच्या दोन्ही पायांखाली लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू सहा ते आठ इंच उचलावी लागते. ठोकळ्यांच्या वरच्या बाजूला पलंगाचा पाय बसेल एवढी खोबण सुताराकडून करून घ्यावी, म्हणजे रात्री पलंग सरकत नाही. दोघांचा पलंग असेल तर दुसऱ्याची संमती आधी घ्यावी. आमच्याकडे ‘मी घसरगुंडीवर झोपणार नाही’ येथपासून वाटाघाटी सुरू झाल्या आणि शेवटी पलंग वेगळे झाले. पलंग उचलणे शक्य नसेल तर पाठीपासून डोक्यापर्यंत येणारी उतरती गादी मिळते, तिचाही उपयोग होतो.

आणखी एक शंका: वामकुक्षी हितकारक म्हणायची आणि दिवसा झोपणे वर्ज्य म्हणायचे, हे कसे जमते?

वैद्यकुळातली

वामकुक्षी म्हणजे थोडा वेळ डाव्या कुशीवर पडणे, गाढ झोपणे नव्हे. दिवसाची झोप ग्रीष्मात, आणि अशक्त, वृद्ध, प्रवासाने थकलेले किंवा रात्री जागलेले अशांना क्षम्य आहे, एरवी नाही. रविवारी श्रीखंड-पुरी जेवून पंखा लावून दोन तास घोरणे, याला वामकुक्षी म्हणू नये.

उगाचच

रविवारचा उल्लेख अनावश्यक आणि वैयक्तिक होता.

शतपावली

योगासनांच्या बाजूने भर घालते. जेवणानंतर करता येण्याजोगे आसन एकच, वज्रासन, आणि तेही गुडघे चांगले असतील तर. कपालभाती, पोटावर दाब देणारी आसने, पुढे वाकण्याची व डोके खाली नेण्याची आसने भरल्या पोटी तर करू नयेतच, पण ओहोटीचा त्रास असलेल्यांनी शीर्षासन, सर्वांगासन एकंदरीतच जपून करावे. छातीऐवजी पोटाने सावकाश श्वास घेण्याचा सराव उपयोगी पडतो. छातीखालचा पडदा त्या वलयाला बाहेरून आधार देतो, असे मला शिकवणाऱ्यांनी सांगितले होते.

काही वर्गांत सकाळी मीठपाणी पिऊन उलटी काढायला शिकवतात आणि ‘पित्त काढून टाकले’ म्हणून शाबासकी देतात. याविषयी जाणकारांनी लिहावे.

वैद्यकुळातली

अम्लपित्तात वमन, म्हणजे उलटी करवणे, हा शास्त्रोक्त उपचार आहे, यात शंका नाही. परंतु त्याआधी स्नेहन-स्वेदन (तेल-तूप देणे आणि शेकून घाम आणणे) असते, रुग्णाची ताकद पाहिली जाते, नंतर पेजेपासून हळूहळू आहार वाढवला जातो आणि हे सर्व वैद्याच्या देखरेखीखाली होते. रोज उठून घशात बोटे घालणे म्हणजे वमनकर्म नव्हे. ज्याच्या अन्ननलिकेला आधीच दाह आहे, त्याने रोज त्यावरूनच आम्ल वर आणायचे, यातून कोणाचे भले होणार? शिवाय रक्तदाब असलेल्याने एवढे मीठपाणी पिणे धोक्याचे आहे.

भाकरतुकडा

उपवासाचा विषय निघालाच नाही. आमच्याकडे ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असा प्रकार आहे: साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा चिवडा, आणि दिवसभर चहा. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व घर सोड्याच्या बाटलीभोवती जमते.

वैद्यकुळातली

लंघन पचनशक्तीसाठी सांगितले आहे. हा त्याच्या उलट प्रकार झाला. पित्ताचा त्रास असलेल्याने फार वेळ निर्जळी, निरंकार राहू नये हे खरे, पण त्यासाठी राजगिऱ्याच्या लाह्या आणि दूध किंवा वरीचा मऊ भात आणि तूप पुरेसे आहे. व्रताचे पुण्य शेंगदाण्यांच्या प्रमाणावर अवलंबून नसते.

वाचनमात्र

धागा पहिल्यापासून वाचते आहे, खाते आज उघडले. मला सातवा महिना आहे आणि जळजळ असह्य होते. वरचे चूर्ण घेतले तर चालेल का?

वैद्यकुळातली

अविपत्तिकर चूर्ण घेऊ नका. गरोदरपणात रेचक औषध स्वतःहून घ्यायचे नसते. थोडे थोडे करून अधिक वेळा खा, डाव्या कुशीवर झोपा, लाह्या-मनुका चालतील. औषध हवेच असेल तर तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना विचारा. गरोदरपणात देता येण्याजोगी औषधे त्यांच्याकडे असतात. सहन करत बसू नका.

निशाचर

सर्वांचे आभार. इतके तपशीलवार प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. याद्या परस्परविरोधी का होत्या, ते आता लक्षात आले: प्रत्येकाने आपापल्या प्रकारच्या त्रासाची यादी मला दिली होती. ताक आणि लिंबूपाणी बंद, पुदिना बंद, चहा न्याहारीनंतर, हे लगेच करतो. पलंगाखालच्या ठोकळ्यांविषयी घरी बोलणी सुरू केली आहेत.

खरी अडचण मात्र तशीच उभी आहे. सर्व जण जेवणाच्या वेळेवर येऊन थांबतात आणि माझी वेळ माझ्या हातात नाही. रात्री जेवणच सोडावे, तर मध्यरात्री भुकेने जाग येते. मग मी काय करावे?

पांढराकोट

मुख्य जेवण कामाआधी, दुपारी उशिरा करा. संध्याकाळी सात-साडेसातला कामाच्या ठिकाणी दुसरे, हलके जेवण. घरी आल्यावर भूक असेल तर अगदी थोडे, कमी स्निग्ध, आणि तेही आल्याबरोबर. तुमची पाळी दर आठवड्याला बदलत नसेल तर हे जमण्यासारखे आहे. गोळी चालू असेपर्यंतच ही घडी बसवा आणि ती बसल्यावर मात्रा उतरवण्याविषयी डॉक्टरांशी बोला. दोन्ही एकदम सुरू केले तर कशाने काय झाले हे चाळणी यांना सांगता येणार नाही.

चाळणी

आभारी आहे. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत नोंद ठेवा, एवढीच माझी भर.

वैद्यकुळातली

डॉक्टरांशी सहमत. घरी आल्यावर भूक लागलीच तर साळीच्या लाह्या किंवा मुगाचे कढण घ्या, पोळी-भाजी नको. सुट्टीच्या दिवशीही जेवणाच्या याच वेळा ठेवा. पाच दिवस पथ्य आणि दोन दिवस मध्यरात्रीची बिर्याणी, याला विषमाशन म्हणतात.

कढीपत्ता

सातच्या डब्याचे मी सांगते, कारण तिथेच बहुतेकांचा निश्चय मोडतो. मुगाच्या डाळीची खिचडी न्या, पण घरी खाण्यापेक्षा पाणी जास्त घालून सैल शिजवा, कारण डब्यात ती घट्ट होत जाते आणि सातपर्यंत तिची वडी पाडता येईल अशी होते. डाळ आधी कोरडीच खमंग भाजून घेतली तर खिचडी हलकी होते. हळद, जिरे, हिंग, किसलेला दुधी आणि खाताना वरून तूप. तूप वेगळ्या छोट्या डबीत न्या. गरम पाण्याचा थर्मास सोबत ठेवा आणि खाण्याआधी अर्धी वाटी पाणी घालून ढवळा, म्हणजे पुन्हा सैल होईल. लोणच्याची बाटली कार्यालयाच्या खणात असेल, तर ती आधी शेजारच्याला देऊन टाका.